सकुराजिमाचा दगड

बेळगावच्या आसपास विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो मुळात लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो उसळला, थरावर थर पसरत गेला आणि थिजून त्याचा दख्खनचा पठारी मुलूख झाला. या थरांची दक्षिणेकडची कड आपल्याच जिल्ह्यातून जाते. गोकाकच्या धबधब्यापाशी पोचेपर्यंत हा काळा दगड मागे पडतो आणि त्याहून कितीतरी जुना वालुकाश्म उघडा पडतो. सीमेवर राहणाऱ्या आपल्या लोकांना ही एक सीमा अशी लाभली आहे की जी कोणत्याही आयोगाने आखलेली नाही! परंतु ज्वालामुखीच्या अंगणात घरे बांधूनही ज्वालामुखीचे भय म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक नाही. आपला लाव्हा केव्हाच निवाला.

ज्यांचा निवालेला नाही, त्यांच्याकडे उद्याचे आज सांगण्याची धडपड शतकभर चालू आहे. आता या कामाला कृत्रिम उपग्रह लागले आहेत आणि उपग्रहांनी पाठवलेल्या चित्रांचे ढीग चाळायला शिकवलेले संगणक लागले आहेत. मी शास्त्रज्ञ नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी आहे. त्यामुळे यंत्र किती हुशार झाले यापेक्षा, त्याने सांगितलेले माणसांपर्यंत कसे पोचते, हा प्रश्न मला अधिक ओढतो. त्या प्रश्नाची सुरुवात मला उपग्रहात सापडली नाही. ती सापडली जपानमधल्या एका शिलालेखात.

जपानच्या दक्षिणेला कागोशिमा नावाचे शहर आहे. त्याच्या समोरच्या आखातात सकुराजिमा हा ज्वालामुखी उभा आहे. १९१४ साली तो पूर्णपणे बेट होता आणि त्याच्या पायथ्याशी गावे होती. त्या वर्षीच्या जानेवारीत बेटाला धक्क्यांमागून धक्के बसू लागले. किनाऱ्यावर गरम पाणी उसळू लागले. १७७९ च्या मोठ्या उद्रेकाच्या कहाण्या घरोघरी सांगितल्या जात असत. त्यांत हीच लक्षणे होती. बहुतेक गावांनी कोणाला न विचारता होड्या काढल्या. एका गावाच्या प्रमुखाने मात्र शहाण्या माणसाने करावे तेच केले. त्याने कागोशिमाच्या सरकारी वेधशाळेकडे विचारणा केली. उत्तर आले की सकुराजिमाला धोका नाही. जे लोक त्या उत्तरावर विसंबले ते मागे राहिले. १२ जानेवारीच्या सकाळी डोंगर फुटला. थंडीच्या दिवसांत समुद्रात उड्या टाकून पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांपैकी काही जण बुडाले. पुढे लाव्हाच्या लोटाने सामुद्रधुनी बुजली आणि बेट मुख्य भूमीला जोडले गेले.

दहा वर्षांनी, १९२४ साली, त्या गावाने एक दगड उभारला. त्यावरच्या मजकुराचा आशय असा की रहिवाशांनी सिद्धान्तावर विसंबून राहू नये, विपरीत दिसताच वेळीच निघावे. हा दगड आजही तिथे आहे. शास्त्रावर अविश्वास दाखवणारा दगड म्हणून तो ओळखला जातो. मला मात्र तो शास्त्राविरुद्धचा वाटत नाही. वेधशाळेने ‘ठाऊक नाही’ असे म्हटले असते, तर तो दगड उभा राहिला नसता. तिने ‘नाही’ म्हटले. या दोन शब्दांमधले अंतर हाच या विषयाचा सगळा इतिहास आहे, असे मी मानतो.

गंमत अशी की त्याच उद्रेकातून पुढचे शास्त्र जन्मले. तोक्यो विद्यापीठाचे फुसाकिची ओमोरी सकुराजिमाला आले. उद्रेकापूर्वीच्या आणि नंतरच्या जमिनीच्या पातळ्या ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा आखाताभोवतीचा सारा प्रदेश खचल्याचे दिसले. खचण्याचा मध्य डोंगराखाली नव्हता, त्याच्या उत्तरेला आखाताच्या पाण्याखाली होता. फुगा रिकामा व्हावा तशी जमीन बसली होती. या मोजण्या पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ अभ्यासकांना पुरल्या. १९५८ साली कियो मोगी यांनी सकुराजिमा आणि हवाई बेटांवरचा किलाउआ यांच्या मोजण्या घेऊन एक सुटसुटीत गणित मांडले. खाली अमुक खोलीवर शिलारसाची एक लहानशी कोठी आहे असे धरा. तिच्यात भर पडली तर वरची जमीन किती आणि कुठवर फुगेल? सकुराजिमाखाली ही कोठी सुमारे दहा किलोमीटर खोल असावी, असे त्यातून निघाले. ज्वालामुखी फुटण्यापूर्वी पुष्कळदा फुगतो. तेव्हा फुगवटा मोजा, हा या गणिताचा व्यावहारिक अर्थ.

मोजायचा कसा? माणसे पाठवून, खुणेचे दगड रोवून, वर्षानुवर्षे. जगात जमिनीवरचे हजाराहून अधिक ज्वालामुखी असे आहेत की जे पुन्हा जागे होऊ शकतात. त्यांतले बहुसंख्य गरीब देशांत, जंगलांत किंवा दूरच्या बेटांवर. तिथे कोण जाणार? हे कोडे रडार वाहून नेणाऱ्या उपग्रहांनी सोडवले. उपग्रह जमिनीवर लहरी सोडतो, परत आलेल्या लहरी टिपतो आणि काही दिवसांनी त्याच वाटेने येऊन तेच करतो. दोन्ही वेळच्या लहरी एकमेकींवर ठेवल्या की जमीन वर-खाली झाली असेल तिथे रंगांची वलये उमटतात. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या चित्रात एक पूर्ण वलय म्हणजे सुमारे २.८ सेंटिमीटरचा फरक. सातशे किलोमीटर उंचीवरून बोटभर फरक दिसतो! रात्र असो वा ढग असोत, रडारला अडथळा नाही. १९९१ साली सोडलेल्या ईआरएस-१ या उपग्रहाच्या चित्रांवरून फ्रेंच संशोधकांनी सिसिलीतला एटना बसत चालल्याचे १९९५ मध्ये दाखवून दिले, आणि ज्वालामुखीशास्त्राला आभाळातली नजर मिळाली.

नजरेसोबत नाकही मिळाले. मेक्सिकोतला एल चिचोन १९८२ मध्ये फुटला, तेव्हा त्याने ओकलेला गंधकाचा वायू एका उपग्रहाने टिपला, जरी तो उपग्रह ओझोन मोजण्यासाठी पाठवलेला होता. पुढे उष्णता टिपणारी उपकरणे आली आणि तापलेली विवरे रोज अवकाशातून दिसू लागली.

आणि मग भलतीच अडचण उभी राहिली. चित्रे फार झाली. सेंटिनेल-१ २०१४ पासून ठरावीक दिवसांनी त्याच त्या डोंगरांवरून जातो. ती हजारो चित्रे बघणार कोण? ही चैनीची तक्रार नव्हे. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री इंडोनेशियातल्या अनाक क्राकाताऊ या ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात कोसळली आणि उठलेल्या लाटांनी चारशेहून अधिक माणसे नेली. नंतर जुनी चित्रे काढून पाहिली, तेव्हा ती बाजू कित्येक महिने हळूहळू समुद्राकडे सरकत असल्याचे त्यांत आढळले. पुरावा कपाटात होता. कपाट उघडायला कोणी नव्हते.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी कपाट उघडण्याचे काम संगणकाला देऊन पाहिले होते. संगणकाला नियम न सांगता उदाहरणे दाखवून शिकवायचे, या रीतीला मशीन लर्निंग म्हणतात. पोराला आपण मांजर दाखवतो, मांजराची व्याख्या सांगत नाही, तसेच हे. रोजच्या वस्तूंची छायाचित्रे ओळखायला शिकलेली एक संगणकी जाळी त्यांनी घेतली आणि तिला वलये ओळखायला शिकवले. मग नऊशेहून अधिक ज्वालामुखींची सुमारे तीस हजार चित्रे तिच्यापुढे टाकली. जाळीने सुमारे शंभर चित्रे वेगळी काढून दिली. माणसांनी ती तपासली, तेव्हा निदान ३९ चित्रांत जमीन खरोखर हललेली होती. उरलेल्यांत मुख्यतः हवेतल्या बाष्पाने फसवले होते; बाष्पाने लहरींना उशीर होतो आणि डोंगर फुगल्याचा भास होतो. शंभरात साठ वेळा चूक, म्हणून कोणी हसेल. परंतु तीस हजारांची शंभर झाली, हा हिशेबही पाहावा. शंभर चित्रे एक माणूस दोन दिवसांत पाहू शकतो.

दुसरी अडचण उदाहरणांची होती. डोंगर सुदैवाने क्वचितच फुगतात, त्यामुळे शिकवायला खरी चित्रे थोडी. तेव्हा संशोधकांनी गणिताने खोटी चित्रे तयार करून ती संगणकाला दाखवली. ही चित्रे ज्या सूत्रांवरून काढतात, त्यांत मोगी यांचे सूत्र आहे. म्हणजे १९१४ साली खचलेल्या त्या आखाताची सावली आजच्या यंत्राच्या शिकवणीत आहे. ज्या डोंगराने शास्त्राला खोटे पाडले, त्यानेच शास्त्राला धडा घालून दिला.

पण यंत्राने वलय ओळखले म्हणजे भविष्य सांगितले, असे नव्हे. ज्युलियट बिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक हिशेब मांडला. उपग्रहांनी अठरा वर्षे पद्धतशीर पाहिलेल्या १९८ ज्वालामुखींपैकी ५४ हलले होते. या ५४ पैकी २५ फुटले. म्हणजे ‘फुगला’ याचा अर्थ ‘फुटेल’ असा निम्म्याहूनही कमी वेळा झाला. उलट, जे हलले नाहीत त्यांतले ९४ टक्के शांत राहिले. हा दुसरा आकडा धीर देणारा आहे, आणि म्हणूनच मला त्याचे भय वाटते. उरलेले सहा टक्के डोंगर न फुगता फुटले. ‘धोका नाही’ हा १९१४ चा निरोप त्या सहा टक्क्यांत दडून बसलेला आहे.

आफ्रिकेत काँगो देशातल्या गोमा शहराने हे दोन्ही एका आठवड्यात अनुभवले. २२ मे २०२१ च्या संध्याकाळी न्यिरागोंगो फुटला. उपग्रहांना आधी कोणताही फुगवटा दिसला नव्हता, आणि भूकंपमापकांवरचा पहिला स्पष्ट इशारा जेमतेम चाळीस मिनिटे आधीचा होता. लाव्हा शहराच्या वेशीपर्यंत आला. त्यानंतरच्या दिवसांत धक्के आणि उपग्रहांची चित्रे यांवरून दिसले की शिलारस आता शहराच्याच खाली शिरला आहे. २७ मे रोजी शहराचा बराचसा भाग रिकामा करण्याचा हुकूम निघाला. सुमारे चार लाख माणसे बाहेर पडली. आणि दुसरा उद्रेक झालाच नाही. आधी न सांगता आला, मग सांगून आला नाही. अशा शहरात पुढच्या वेळी निरोप घेऊन जाणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील?

याच्या उलट उदाहरणही आहे. आइसलँडमधल्या ग्रिंडाविक या सुमारे ३,८०० वस्तीच्या मासेमारीच्या गावाखाली शिलारस सरकत असल्याचे दिसताच १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री गाव रिकामे केले. पहिला उद्रेक १८ डिसेंबरला झाला, आणि १४ जानेवारी २०२४ रोजी लाव्हाने गावातली घरे जाळली. घरांत माणसे नव्हती. तिथले उपग्रह काँगोपेक्षा निराळे नव्हते. निराळी होती ती जमिनीवरची दाट उपकरणे, चालू रस्ते आणि रात्री दार ठोठावले असता उघडणारा विश्वास. कोलंबियात १९८५ मध्ये नेवादो देल रुईझचा धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता. १३ नोव्हेंबरला डोंगर फुटल्यावर चिखलाचा लोंढा आर्मेरो गावात पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. तरी सुमारे २३,००० माणसे मेली. तिथे ज्ञान कमी पडले नाही. ज्ञान आणि दार यांच्यामधली वाट तुटली होती.

आता या कामात आपल्या देशाचाही हात लागला आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा उपग्रह गेला. इस्रो आणि नासा यांनी तो मिळून केला आहे. बारा मीटर व्यासाची जाळीदार छत्री उघडून तो बारा दिवसांच्या फेऱ्यांत पृथ्वीची जमीन न्याहाळतो. त्याच्यावरच्या दोन रडारांपैकी एकाच्या लहरी सुमारे चोवीस सेंटिमीटर लांबीच्या, त्यामुळे झाडीने कमी फसणाऱ्या. इंडोनेशियातल्या किंवा मध्य अमेरिकेतल्या रानांनी वेढलेल्या डोंगरांसाठी ही मोठीच सोय आहे. आपला एकमेव जागता ज्वालामुखी, अंदमानच्या समुद्रातले बॅरन बेट, निर्मनुष्य आहे. सुमारे दीडशे वर्षे गप्प राहून ते १९९१ मध्ये पुन्हा फुटले, तेव्हा तिथे दार ठोठावायला दारच नव्हते. म्हणजे आपण घडवलेली नजर मुख्यतः दुसऱ्यांच्या गावांसाठी आहे. मला यात काही कमीपणा वाटत नाही.

चित्रे आणखी वाढतील, शिकवलेली यंत्रे आणखी तरबेज होतील, तीस हजारांतून शंभरऐवजी पन्नास काढून देतील. त्या पन्नासांपैकी एकाखाली कोणाचे तरी गाव असेल. त्या गावचा प्रमुख विचारील, “राहू की निघू?” यंत्र त्याला शेकड्यात उत्तर देईल आणि शेकड्याचे ‘हो’ किंवा ‘नाही’ करण्याचे ओझे कोणा तरी माणसावर पडेल. त्या माणसाने सकुराजिमाचा दगड वाचलेला असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. चित्र कोरे दिसले तर ‘दिसत नाही’ म्हणावे. ‘नाही’ म्हणू नये. आणि गावानेही आपली जुनी आठवण यंत्राच्या हवाली करून मोकळे होऊ नये. १९१४ साली होड्या काढून निघालेली माणसे तीवरच वाचली होती.