पेशीच्या आतलं

कोर्टातली पेशी फारसीतून आलेली, पेशव्यांच्या भावकीतली. शरीरातली पेशी मात्र संस्कृत. सुश्रुताने माणसाच्या अंगात 500 पेशी सांगितल्या, त्या मांसाच्या. हिंदीने पेशीचा स्नायू हाच अर्थ राखला आणि 'सेल'साठी कोशिका शब्द घेतला. मराठीने पेशीच 'सेल'ला दिली.

मराठीची ही निवड मला फार आवडते. 1665 साली रॉबर्ट हूकचं बुचाच्या पातळ कापाचं निरीक्षण छापलं गेलं. त्याला दिसले होते मेलेल्या भिंतींमधले रिकामे कप्पे. त्यांना त्याने 'सेल' म्हटलं. लॅटिन 'सेला' म्हणजे लहानशी खोली. पेशीविषयक इंग्रजी शब्दांतल्या 'सायटो'चं मूळ ग्रीक 'कीटोस', म्हणजे पोकळ भांडं. कोशिकेतला कोशही आवरणच. पेशी म्हटलं की मात्र आधी आतला ऐवज डोळ्यांपुढे येतो.

पेशी एकेक करून तपासण्याचं एक तंत्र आहे, 'फ्लो सायटोमेट्री'. त्याचं हे नाव 1976 मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या परिषदेत ठरलं. रक्ताच्या कर्करोगाचं निदान करणारे डॉक्टर नुसतं 'फ्लो' म्हणतात. द्रवाच्या बारीक धारेतून पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात. प्रत्येकीने किती प्रकाश विखुरला आणि कोणत्या रंगाचा उजेड दिला, ते यंत्र टिपतं. रक्तपेशींना त्यासाठी बहुधा बाहेरून रंग जोडावा लागतो. समुद्रातल्या वनस्पती-प्लवकांना त्याची गरज नाही. निळ्या लेझरखाली त्यांचं हरितद्रव्य मुळातच तांबडं चमकतं.

समुद्रशास्त्रज्ञ सॅली चिझम आणि रॉबर्ट ओल्सन यांनी 1980 नंतरच्या दशकात हे यंत्र अटलांटिकच्या पाण्याला लावलं. त्यात इतके मंद तांबडे संकेत उमटले की ते यंत्राचाच गोंगाट वाटावेत. पण पाणी जितकं खोलवरचं, तितके ते ठळक होत गेले. कमी उजेडात राहणाऱ्या पेशींत हरितद्रव्य जास्त असतं. गोंगाट असता तर त्याला खोलीशी काय देणंघेणं? 1988 मध्ये 'नेचर'मध्ये हे संकेत देणाऱ्या जीवाचं वर्णन आलं, 1992 मध्ये नाव मिळालं: प्रोक्लोरोकोकस. 'प्रो' म्हणजे आधीचा, 'क्लोरोस' फिकट हिरवा, 'कोकस' दाणा. व्यास जेमतेम 0.6 मायक्रॉन, तरी प्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या जीवांत पृथ्वीवर सर्वाधिक संख्या याचीच.

याला एवढा काळ कोणी ओळखलं नव्हतं, कारण बाहेरून पाहण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं. ओळख पटली ती पोटातल्या हरितद्रव्यामुळे. म्हणून 'फ्लो सायटोमेट्री'ला मराठीत प्रवाही पेशीमापन म्हणावं. 'कोश' त्यात नको.