विळीची धार : कुरुंदापासून कार्बोरंडमपर्यंत

बचत गटाच्या बैठकीत हल्ली प्लास्टिकच्या मुठीचं एक छोटं साधन हातोहात फिरतं. सुरी खाचेत घालायची, चार वेळा ओढायची, की धार तयार. "ताई, घ्यावं का?" असं बऱ्याच जणी विचारतात. आधी धारेच्या दगडाची गोष्ट ऐका.

आपल्या आजीची विळी साध्या लोखंडी पात्याची. गंजायची, चिंच लागली की काळी पडायची, पण दगडावर चार वेळा घासली की पुन्हा चालायची. धारेचं मोठं काम शिकलगाराकडे. तलवारी, कट्यारी घासणारे हे कारागीर. तलवारींचे दिवस सरले, तशा त्यांच्या चाकावर विळ्या, कात्र्या, अडकित्ते आले. ते फिरतं चाक नुसत्या दगडाचं नसे. लाखेत कुरुंदाची पूड कालवून ते घडवत. कुरुंद म्हणजे माणिक आणि नीलम यांच्याच जातीचा, फार कठीण दगड. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दसुद्धा तमिळ 'कुरुंदम्'वरून गेलेला. म्हणजे दगडही इथला, नावही इथलं!

या कुरुंदाला जोडीदार मिळाला तो अमेरिकेत. १८९१ साली एडवर्ड अ‍ॅचेसन नावाचा संशोधक हिऱ्यासारखं कठीण काही बनवता येतं का, या खटपटीत होता. त्याने माती आणि कोळशाची पूड विजेच्या उष्णतेने तापवली. आत चमकदार खडे मिळाले, कुरुंदापेक्षाही कठीण. त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. पुढे १९५४ साली मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळपट-करडा धारेचा दगड बहुधा याच पदार्थाचा असतो.

तोवर पातंही बदललं होतं. १९१३ साली इंग्लंडातल्या शेफिल्ड गावी हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारं पोलाद बनवलं, तेच आपलं स्टेनलेस स्टील. सुऱ्या बनवणाऱ्यांनी सुरुवातीला त्याची टर उडवली, की याच्या सुऱ्या कापतच नाहीत. त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. हे पोलाद चिवट, आजीच्या विळीसारखं पटकन दगडाला दाद देत नाही.

आता ते खाचेचं साधन. त्यात बहुतेक वेळा टंगस्टन कार्बाइडच्या दोन कठीण पट्ट्या तिरप्या बसवलेल्या असतात. त्या धार घासत नाहीत, धातू खरवडतात. म्हणून काम झटपट होतं, पण पातं लवकर झिजतं आणि धार खरबरीत राहते. स्वस्त सुरीला चालेल, हात दुखणाऱ्या बाईला सोयीचंही आहे. पण आपली बाकदार विळी त्या खाचेत नीट बसत नाही, आणि विळा तर नाहीच नाही.

माझं मत दगडाच्या बाजूने. दोन बाजूंचा घ्या, एक जाड दाण्याची, एक बारीक. जाड बाजू बोथट पात्याला, बारीक बाजू नेहमीसाठी. दगड आधी पाण्यात भिजवा. सुरीची पाठ करंगळीचं टोक जाईल एवढी उचला आणि घासा. दुसऱ्या अंगाला बारीक खरखर लागली, की सुरी उलटा. तपासताना बोट धारेला आडवं लावा, धारेवरून ओढू नका. विळीला मात्र उलटं करायचं: विळी पायाखाली घट्ट धरायची आणि ओला दगड पात्यावर फिरवायचा, बोटं धारेच्या मागे ठेवून.

दगड नसेल त्या दिवशी चिनी मातीचा कप पालथा घाला. बुडाची बिनचकाकीची खरखरीत कड सुरीला तेवढ्यापुरती धार देते.