पाउणकीची जागा

म्हैसुरात मुलाला घरीच शिकवणाऱ्या मराठी आईबापांना पहिला पेच पडतो तो गणिताचा: पुस्तक कोणते घ्यावे? जुन्या घरांत हा निर्णय बाजारच करी. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. म्हैसूर संस्थानातही हाच हिशेब. म्हणून मराठी मुले पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, औटकी पाठ करत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि हळूहळू ही गरज सरली. गेली ती नुसती घोकंपट्टी नव्हे. साताची पाउणपट सव्वापाच, हे मुलाला पाटीवर अपूर्णांक मांडण्याआधीच तोंडपाठ असे. म्हणून पुस्तक निवडताना आधी एवढे पाहावे: त्यात पाव-पाऊण मुलाच्या तोंडी कधी येतात?