शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ

नभोवाणीचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक केंद्रांच्या स्थापनेच्या तारखा देतात, प्रक्षेपकांची शक्ति सांगतात आणि मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या कारकीर्दी मोजतात. ऐकणाऱ्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. त्यास साधनें थोडीं, हें खरें. कारण ऐकणारा आपलें मत कोठें नोंदवून ठेवीत नाहीं. तो यंत्राची खुंटी फिरवितो आणि मोकळा होतो. परंतु ज्या काळीं एका घरांत एकच यंत्र असे, त्या काळीं खुंटी फिरविणें हें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. तिच्यावर एकाच वेळीं तीन-चार हात येत. शनिवारच्या रात्रीं व रविवारच्या सकाळीं सारीं माणसें घरीं असत, म्हणून मतभेदास खरा रंग त्याच वेळीं चढे. त्या मतभेदाची हकीगत आमच्या यवतमाळाच्या बाजूनें सांगावी, असा आमचा विचार आहे.

मुंबईचें केंद्र ता. २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें उघडलें. तें चालविणारी खाजगी कंपनी तीन वर्षांच्या आंतच बुडाली. १९३० मध्यें सरकारनें तें काम हातीं घेतलें आणि १९३६ मध्यें त्या खात्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. या साऱ्याचा आमच्या वऱ्हाडाशीं संबंध दूरचाच. मध्यम लहरींवरील केंद्र दिवसा इतक्या अंतरावर पोंचत नाहीं. रात्रीं पोंचतें तें खरखरीसह, आणि एखादी तान अर्ध्यावर आली असतां निघूनहि जातें. आपलें म्हणावें असें केंद्र आम्हांस मिळालें तें १९४८ सालीं नागपुरास केंद्र सुरू झालें तेव्हां. त्या वेळीं आम्ही मध्यप्रांत व वऱ्हाडांत होतों. १९५६ मध्यें मुंबई राज्यांत आलों आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत. राज्यें बदललीं, पण खुंटीवर नागपुरची जागा शाईनें खूण केलेली होती तेथेंच राहिली.

यंत्र घेणें म्हणजे तेव्हां एक संसारकृत्यच होतें. घराच्या छपरावर तार ताणावी लागे, टपालकचेरींत जाऊन परवाना काढावा लागे, आणि दरसाल पंधरा रुपये भरून तो नवा करून घ्यावा लागे. वकील, डॉक्टर, कापसाचे अडते, जिनिंगवाले यांच्या घरीं प्रथम यंत्रें आलीं. मग हळूहळू आमच्यासारख्या शिक्षकाच्या घरींहि आलें. ज्याच्या घरीं यंत्र, त्याच्या ओसरीवर शेजारच्या चार घरांचा हक्क असे. म्हणजे मतभेदहि केवळ घरचा राहत नसे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. रविवार हा मुळांत आमच्या जिल्ह्याचा सुटीचा दिवसच नव्हे. कुणब्याचा आठवडा त्याच्या गांवच्या बाजारावर चाले, आणि बाजार या गांवीं एका दिवशीं तर त्या गांवीं दुसऱ्या. कापूस वेंचणीच्या दिवसांत तर रविवार आला केव्हां नि गेला केव्हां, हें शेतांत कोणास कळतहि नसे. रविवार होता तो कचेरी, कोर्ट आणि शाळा यांचा. म्हणून रविवारीं कोणतें संगीत असावें या वादांत जीं मतें ऐकूं येत, तीं प्रायः या तीन ठिकाणच्या माणसांचीं. बाकीचा जिल्हा ओसरीच्या खालच्या पायरीवर बसून जें लागेल तें ऐकत असे, आणि उठतांना “बरं होतं” म्हणून निघून जाई.

आतां वादाकडे वळूं. पहिला वाद आमच्या आजीचा, व तो पेटीचा. मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली होती. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनीं त्यापूर्वी पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. नियंत्रक लायोनेल फील्डन यांचेंहि मत तेंच होतें, आणि रवीन्द्रनाथ ठाकुरांसहि पेटी नापसंत होती. पेटीचे सूर ठरीव, तींतून मींड निघत नाहीं, श्रुतींचा सूक्ष्म भेद तींत पुसला जातो, असा आक्षेप. शास्त्रदृष्ट्या तो खोटा नव्हे. पण मराठी रंगभूमीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं पेटीस जें स्थान मिळवून दिलें होतें, त्याची वाट काय? आणि वऱ्हाडांतील कोणत्या खेड्यांत पेटीवांचून भजन उभें राहत होतें? आजीचें म्हणणें एवढेंच कीं, पेटीशिवाय पद म्हणजे बिनमिठाचें वरण. ही बंदी तीस वर्षांवर टिकली आणि १९७१ मध्यें ती अंशतः उठली. आजी तोंपर्यंत राहिली नव्हती.

दुसरा वाद याहून मोठा, आणि तो साऱ्या देशाचा. १९५२ मध्यें डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले व पुढें दहा वर्षें त्या जागीं राहिले. गृहस्थ पुण्याचे, विद्वान, आणि शास्त्रीय संगीताचे मनापासूनचे भक्त. चित्रपटगीतांनीं लोकांची अभिरुचि बिघडत आहे, ती नभोवाणीनें सुधारली पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनीं चित्रपटगीतांच्या वेळेस कात्री लाविली व गाण्याबरोबर चित्रपटाचें नांव सांगणें, तें जाहिरातीसारखें होतें म्हणून, बंद केलें. निर्मात्यांनीं रागानें आपल्या ध्वनिमुद्रिका वाजविण्याची परवानगीच काढून घेतली आणि थोड्याच महिन्यांत तीं गीतें सरकारी केंद्रांवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. त्याच वर्षीं शनिवारच्या रात्रीं साडेनऊ वाजतां संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. दीड तास एकच कलावंत, हिंदुस्थानी आणि मधून मधून कर्नाटक पद्धतीचा; आणि तो सर्व केंद्रांनीं एकाच वेळीं सहक्षेपित करावयाचा.

आमच्या आजोबांस तर तें स्वर्गाचें दार उघडल्यासारखें झालें. यवतमाळासारख्या गांवीं मोठ्या गवयाची मैफल वर्षांतून एखादी व्हावयाची, तीहि एखाद्या श्रीमंताच्या घरीं. शिक्षकास तेथें मागच्या भिंतीशीं उभें राहावें लागे. आतां तेच गवई घरीं येऊं लागले, आणि तेहि पंधरा रुपये वार्षिकांत. आजोबा शनिवारीं लवकर जेवून, धूतवस्त्र नेसून, यंत्रासमोर बसत. ही त्यांची भक्ति आम्हांस त्या वयांत हास्यास्पद वाटे. आतां वाटत नाहीं.

आमचे धाकटे काकाजी एका जिनिंगच्या कचेरींत कारकून होते. सहा दिवस गांठींचे आंकडे लिहून शनिवारीं संध्याकाळीं घरीं यावें तों समोर विलंबित ख्याल. सर्व केंद्रांवर तोच कार्यक्रम असल्यामुळें नागपूर सोडून मुंबई लावावी तरी ख्यालापासून सुटका नाहीं. उरलें एकच ठिकाण, तें कोलंबो. महायुद्धांत सैन्यासाठीं तेथें उभारलेला शंभर किलोवॉटचा प्रक्षेपक पुढें रेडिओ सिलोनच्या हातीं आला होता. त्याच्या लघुलहरी वरच्या वातावरणांतून परावर्तित होऊन रात्रीं आमच्या छपरावर अशा स्वच्छ उतरत कीं, मुंबईपेक्षां कोलंबो जवळ वाटे. सरकारनें दाराबाहेर काढलेलें गाणें समुद्रापलीकडून खिडकीनें आंत आलें. ता. ३ डिसेंबर १९५२ रोजीं सुरू झालेली अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ बुधवारची, म्हणून आमच्या विषयाच्या थोडी बाहेरची. पण पहिल्याच कार्यक्रमानंतर तिला सुमारें ९,००० पत्रें आलीं असें सांगतात. बुधवारच्या गाण्यांवरचा काकाजींच्या मित्रमंडळाचा वाद रविवारपर्यंत सहज पुरे. त्या काळीं असा विनोद प्रसिद्ध होता कीं, दहांपैकीं नऊ घरचीं यंत्रें सिलोनला लावलेलीं असतात, आणि दहाव्या घरचें मोडलेलें असतें.

हें सारें केसकरांस अगोदर दिसावयास हवें होतें, असें आम्हांस वाटतें. कारण हाच खेळ वीस वर्षांपूर्वीं इंग्लंडांत होऊन गेला होता. बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांनीं रविवार धर्मोपदेशास आणि गंभीर संगीतास वाहून टाकिला होता. आठवडाभर कष्टलेला इंग्रज मजूर रविवारीं नृत्यसंगीत मागे, तें त्यास घरच्या केंद्रावर मिळेना. मग फ्रान्सच्या किनाऱ्यावरील नॉर्मंडीचें केंद्र १९३१ पासून व लक्झेंबर्गचें १९३३ पासून त्याच्यासाठीं हलकीं गाणीं जाहिरातींसह पाठवूं लागलें, आणि इंग्लंडचा रविवार परदेशीं गेला. रीथ काय आणि केसकर काय, दोघेहि प्रामाणिक होते. दोघांनींहि श्रोत्यास शिष्य समजून वागविलें. पण शिष्याच्या हातीं खुंटी होती.

तरीपण आम्ही काकाजींच्या पक्षास सर्वस्वीं मिळत नाहीं. पुष्कळांस आवडतें तेंच लावावें असा नियम केला, तर आमच्या आजोबांसारख्या गांवोगांवच्या दहा-पांच माणसांस कधींच कांहीं मिळालें नसतें. आणि तें दहा-पांचांचें ऐकणें चालू राहिलें म्हणूनच अनेक गवयांची चूल पेटती राहिली. केसकरांनीं जें दिलें तें देण्यांत त्यांची चूक नव्हती. जें काढून घेतलें त्यांत होती. दोन्ही एकाच वर्षीं झाल्यामुळें लोकांनीं शास्त्रीय संगीताकडे शिक्षा म्हणून पाहिलें, ही त्या संगीताचीच मोठी हानि झाली.

आमच्या घरीं या वादाचा निकाल पुढीलप्रमाणें लागला. १९५३ किंवा ५४ सालची गोष्ट असावी. आजोबांनीं एका केंद्रास दोन पानी पत्र लिहून विनंति केली कीं, शनिवारची मैफल दोन तासांची करावी आणि रविवारीं सकाळींहि ख्यालगायन ठेवावें. त्याच आठवड्यांत काकाजींनीं त्यांच्या नकळत त्याच केंद्रास कार्ड टाकिलें कीं, निदान रविवारीं तरी चित्रपटगीतें द्यावींत. दोघांसहि एकाच दिवशीं, एकाच नमुन्याचें छापील उत्तर आलें कीं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. दोघांनींहि तें विजयपत्र समजून एकमेकांस दाखविलें. वडील कोणत्याच पक्षांत नव्हते. पंधरा रुपये तेच भरीत.

दोन्ही पक्षांस एकत्र बसविणारी गोष्ट झाली ती पुण्यास. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, पुणें केंद्रानें ग. दि. माडगूळकर यांचें ‘गीतरामायण’ सुरू केलें. सुधीर फडके यांच्या चालींवर आठवड्यास एक गीत, शुक्रवारीं सकाळीं. तेंच पुन्हां शनिवारीं व रविवारीं. अशीं छप्पन्न गीतें वर्षभर झालीं. चालींत राग होते, पण ते ओळखण्याची सक्ति नव्हती. शब्द सोपे, आणि कथा पुढील आठवड्यास बांधलेली. गाणाऱ्यांत वसंतराव देशपांडे होते, ज्यांचा जन्म मूर्तिजापूरचा. आमची यवतमाळची लहान गाडी त्याच स्थानकाहून निघे, एवढ्या नात्यावर आजोबा त्यांस घरचें समजत. पुण्याच्या मध्यम लहरींवर सकाळीं विसंबून राहण्याची आमची सोय नव्हती. पुण्याच्या नातलगांच्या पत्रांतून व वर्तमानपत्रांतून तें प्रथम आमच्याकडे आलें, आवाज मागाहून आला. रेडिओला हळदकुंकू वाहणाऱ्या लोकांची थट्टा करणारे काकाजीहि तीं गीतें पाठ म्हणत.

पुढें सरकारनेंहि माघार घेतली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती निघाली व चित्रपटगीतें घरीं परतलीं. शनिवारच्या रात्रीं सैनिकांसाठीं विशेष जयमाला लागूं लागली. १ नोव्हेंबर १९६७ पासून त्या सेवेंत जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणें आणि आमचें नागपूर येथूनच. मग खिशांत मावणारा ट्रॅन्झिस्टर आला आणि वादच संपला. आजोबांचें यंत्र माजघरांत, काकाजींचें माडीवर. परवान्याची कटकटहि १९८० नंतरच्या वर्षांत गेली, आणि पुढें यवतमाळास स्वतःचें आकाशवाणी केंद्रहि झालें.

या साऱ्या वादांत एका माणसाचें मत कोणीं विचारलें नव्हतें, तें आमच्या आईचें. शनिवारीं साडेनऊ वाजतां ती चुलीपुढची आवराआवर करीत असे. आजोबा गेल्यावर त्यांचें जुनें यंत्र कोणास नको होतें, वडिलांनीं तें विकावयास काढिलें, तेव्हां तीच म्हणाली, “राहूं द्या, मला लागतं.” त्या शनिवारीं तिनें तें स्वतः लाविलें. कर्नाटक पद्धतीचा कार्यक्रम होता. तो लागला कीं आजोबासुद्धां पूर्वीं जांभई देत, आणि काकाजी तर सरळ उठून बाहेर जात. ती मात्र ओले हात पदरास पुसून यंत्रासमोर बसली आणि मांडीवर ताल धरूं लागली. दक्षिणेकडचा तो ताल; आमच्यापैकीं कोणास तो येत नव्हता.