कागदाची गुराब

अहमदपूरला समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. बालाघाटच्या डोंगररांगांतले हे गाव १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, पुढे उस्मानाबादेत आणि १९८२ पासून लातुरात. जिल्हे बदलले, किनारा काही जवळ आला नाही. इथली मुले होडी करतात ती वहीच्या पानाची, पहिल्या पावसात ओहळात सोडायला. माझीही सुरुवात तिथूनच झाली. पण गेली काही वर्षे मी मराठ्यांच्या आरमारातली गुराब कागदातून उभी करण्याच्या खटपटीत आहे, आणि त्या खटपटीने मला जे शिकवले ते वाचनाने शिकवले नव्हते.

कागदी जहाज म्हणजे पोरखेळ, असा आपल्याकडे समज आहे. युरोपात त्याची परंपरा मोठी आहे. जर्मनीत एसलिंगेन येथे १८३१ मध्ये स्थापन झालेल्या श्रायबर प्रकाशनाने कापून चिकटवायचे छापील ताव घरोघर पोचवले. दुसऱ्या महायुद्धात लाकूड आणि धातू दुर्मीळ झाले तेव्हा इंग्लंडमध्ये १९४१ पासून ‘मायक्रोमॉडेल्स’ या नावाने पोस्टकार्डाएवढ्या तावांवर प्रतिकृती निघू लागल्या. पोलंडमध्ये १९५७ साली ‘माऊी मोडेलाश’ हे केवळ कागदी प्रतिकृतींना वाहिलेले मासिक सुरू झाले. या साऱ्यांना एक सोय होती. मूळ जहाजांचे मोजून काढलेले आराखडे त्यांच्या हाताशी होते. आपल्या गुराबेचा तसा आराखडा माझ्यासमोर नव्हता. होते ते शब्दांतले वर्णन, आणि तेही परक्याने केलेले.

रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ मध्ये लंडनला निघाला. आंग्र्यांच्या आरमाराविषयी लिहिताना त्याने गुराब आणि गलबत यांची बांधणी बारकाईने सांगितली आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची सुमारे दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशे टनांची. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार न बुडणारी. मध्यापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली, आणि पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी बाहेर आलेली नाळ. या नाळेवर मुख्य डेकच्या पातळीतच भक्कम डेक; पण तिला कठडे नाहीत, कारण समोरून आलेली लाट वरून सरळ निघून जावी. डेक आणि नाळ यांच्यामध्ये आडवी भिंत, आणि त्या भिंतीतल्या भोकांतून समोर रोखलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या. टनांचे आकडे आहेत, लांबी-रुंदीचे नाहीत. शंभरास एक या प्रमाणात मी लांबी तीस सेंटिमीटर आणि रुंदी नऊ सेंटिमीटर धरली. तो माझा अंदाज, पुरावा नव्हे.

पहिली प्रतिकृती मी वर्णन बाजूला ठेवून, कॅलेंडरवरच्या चित्रावरून केली. चित्रकाराने तिला युरोपीय जहाजासारखी उंच, कठड्यांची नाळ दिली होती. दिसायला रुबाबदार! पुढच्या तोफा बसवायला घेतल्या तेव्हा घोटाळा झाला. कागद गुंडाळून केलेल्या त्या इवल्या नळ्या भिंतीच्या भोकांतून बाहेर काढल्या, तर समोर नाळेचाच कठडा. तोफ डागली असती तर आधी आपलेच जहाज फुटले असते. कठडा कापून नाळ डेकच्या पातळीत आणली तेव्हा दोन्ही नळ्यांना मोकळी वाट मिळाली. ती तीन मिलिमीटर उचलून पाहिली, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे एक फूट, तर नेम पुन्हा अडला. तोवर उघडी नाळ ही मला कारागिरीची उणीव वाटत होती. तो सारा विचार तोफेसाठीही होता, हे हातांनी सांगितले.

मग ऑर्मने दिलेले लढाईचे वर्णनही नीट उमगले. वारा पडला की गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीला जमायचे आणि नाळेच्या तोफांनी दुरूनच आधी त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करायचा. युरोपीय जहाजांचा मुख्य तोफखाना दोन्ही कुशींना. पिछाडीला त्यांचे बळ कमी. गुराबेलाही कुशीच्या तोफा होत्या, पण सहा ते नऊ पौंडी, म्हणजे पुढच्यांहून हलक्या. या जहाजाचा जोर तोंडाशी होता. उंच नाळेचे चित्र काढणारा नकळत ही सगळी युद्धनीतीच पुसून टाकतो.

दुसरा धडा बांधणीच्या क्रमाचा. छापील तावांच्या पद्धतीत आधी कणा, त्यावर आडव्या फासळ्या, मग वरून कागदाच्या पट्ट्यांची कातडी. तशी गुराब केली तर नाळेपाशी पट्ट्यांना सुरकुत्या पडत. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरच्या जुन्या पद्धतीत मात्र आधी कण्यापासून फळ्या चढवून कवच उभे करत आणि फासळ्या मागाहून आत बसवत. तोच क्रम मी कागदात धरला. पट्टीला पट्टी कडेने जोडत गेलो, आणि नाळेचा बाक आपोआप वळला. कागदाचे लाकडाशी हे एक नाते आहे. दोन्हींना तंतूंची दिशा असते, आणि त्या दिशेविरुद्ध जबरदस्ती चालत नाही.

समुद्र नसला तरी मराठवाड्याला कागद आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून हातकागद होत आला आहे. तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा कारागीर आले, असे तिथे सांगतात. हा कागद चिवट असतो, वळवला तर चिरत नाही. पण तो खळ फार पितो. म्हणून खळ पातळ लावायची आणि जोड वाळेपर्यंत दाबून धरायचा. घोटलेली बाजू गुळगुळीत असते, तिथे जोडापुरता कागद हलकेच खरवडून घ्यावा लागतो. कापलेल्या पांढऱ्या कडा जोडण्यापूर्वीच जलरंगाने तपकिरी करायच्या; नंतर कुंचला पोचत नाही. शिडांना मी सुरकुत्या पाडून मग चहाच्या पाण्यात बुडवले. व्हार्निशचा हात सर्वांत शेवटी, आणि एकच. दुसऱ्या हाताने जहाज खेळण्यासारखे चकाकते.

मूळ जहाजांचे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार विजयदुर्गच्या खाडीत शिरले, जमिनीवर नानासाहेब पेशव्यांचे सैन्य होते. तुळाजी आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून घेतलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर तोफगोळा पडून आग लागली, आणि ती एकातून दुसऱ्यात पसरत आरमारच जळाले. मराठी सत्तेच्या संमतीने मराठी जहाजांची राख झाली. पेशवे-आंग्रे वैराची कारणे इतिहासकारांनी मांडली आहेत, ती मला नव्याने मांडायची नाहीत. पण नाळेची शेवटची पट्टी चिकटवताना एक गोष्ट मनातून जात नाही. त्या खाडीत लाकडाबरोबर तुळई कशी वाकवायची याचे सुतारांच्या हातातले ज्ञानही पोरके झाले. ते कागदावर उतरलेले नव्हते. ज्याने ते जहाज जाळायला मदत केली, त्या बाजूच्या माणसाच्या शब्दांवरून आज मला ते जुळवावे लागते.

गुराब आता पुरी झाली आहे. पण वारा पडला की ती एकटी जागची हलणार नाही. म्हणून सध्या गलबताला हात घातला आहे. त्याला चाळीस-पन्नास वल्ही लागतात. त्यातली अकरा झाली आहेत.