तळटीप : ‘डॅनिश आरामखुर्ची’

१. तिरुवल्लिकेणी ही मद्रासमधील पार्थसारथी मंदिराभोवतीची जुनी वस्ती. इंग्रजी कागदपत्रांत ट्रिप्लिकेन. येथील उल्लेखावरून या खुर्चीचा संबंध तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीशी जोडू नये. १६२० पासूनची ती वसाहत तंजावरच्या भोसल्यांच्या राजवटीतही टिकली. १८४५ मध्ये ती इंग्रजांना विकली गेली. ‘डॅनिश’ म्हणून नावाजलेल्या खुर्च्या त्यानंतर शंभरेक वर्षांनी डेन्मार्कमध्येच घडल्या. हान्स वेग्नरची गोल खुर्ची १९४९ ची, बोर्गे मोगेन्सनची ‘स्पॅनिश’ खुर्ची १९५८ ची : ओकची चौकट, जाड खोगिरी चामडे, ते ताणायला बकले आणि पेला ठेवता येईल इतके रुंद हात. भारताशी खरे नाते आहे ते रुडकीमार्गे. कोरे क्लिंट यांची १९३३ ची सफारी खुर्ची ब्रिटिश हिंदी लष्कराच्या रुडकी खुर्चीवर बेतलेली आहे. तिच्या सांध्यांना स्क्रू नाही, सरस नाही. निमुळत्या आडव्या दांड्या पायांच्या भोकांत बसतात आणि बसणाऱ्याच्या वजनाने घट्ट होतात. लांब हातांची, वेताने विणलेली सागवानी आरामखुर्ची वेगळ्या घराण्यातली. वाचकांनी दोहोंची गल्लत करू नये. — संपादक