स्वादुपिंडदाहाची ओळख



भाषेच्या अध्यापकाने वैद्यकाच्या इतिहासावर बोलणे थोडे धाडसाचेच. परंतु माझा प्रश्नही शब्दापासूनच सुरू होतो. १९७४ साली माझ्या थोरल्या बंधूंना रात्री जेवणानंतर बेंबीच्या वर एकाएकी असह्य कळ आली. ती पाठीत शिरली, उलट्या थांबेनात. पुढे वाकून बसले की किंचित बरे वाटे. आम्ही सारे म्हणालो, ‘पित्त झाले.’ डॉक्टरही तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात पोट उघडल्यावर ‘स्वादुपिंडाचा तीव्र दाह’ हे शब्द आम्ही प्रथम ऐकले. पुढे दोन दिवसांनी ते गेले.

इतिहासातही हा रोग दीर्घकाळ मरणानंतरच कळत आला. जठराच्या मागे, कण्याला लगटून असलेले हे इंद्रिय तपासणाऱ्याच्या हाताला सहसा लागत नाही. सतराव्या शतकात अ‍ॅम्स्टरडॅमच्या निकोलास टुल्प यांनी त्याच्या विकाराची नोंद केली, तीही शवविच्छेदनावरून. १८८९ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी ५३ रुग्णांची टिपणे एकत्र केली आणि लक्षणे सांगितली: धडधाकट माणसाच्या पोटाच्या वरच्या भागात अकस्मात तीव्र वेदना, मागोमाग वांती, मग शक्तिपात. फिट्झ विकृतिशास्त्रज्ञ होते. मृतांच्या अभ्यासातून त्यांनी जिवंतांसाठी लिहिले, याचे मला फार अप्रूप वाटते.

१९०१ साली बाल्टिमोरच्या यूजीन ओपी यांनी एका शवविच्छेदनात पित्तनलिकेच्या मुखाशी अडकलेला छोटासा खडा दाखवला. त्या खड्यामुळे पित्ताला स्वादुपिंडाची वाट मोकळी झाली होती. बंधूंच्याही पित्ताशयात खडे निघाले. तेव्हा आमचा ‘पित्त’ हा शब्द अगदीच निराधार नव्हता म्हणायचा!

पण लक्षणे फसवी असतात. जठराचा व्रण फुटला तरी अशीच कळ येते. पिष्टाची साखर करणारा अमायलेज हा पाचक घटक बर्लिनच्या वोलगेमुट यांनी १९०८ साली मूत्रात मोजला. १९२९ साली अमेरिकेत एल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील मोजणीचा निदानासाठी उपयोग दाखवला. अर्थात हे प्रमाण काही दिवसांतच उतरते. उशिरा घेतलेले रक्त निर्दोष भासू शकते. आता लायपेजची परीक्षा अधिक भरवशाची मानतात.

१९९२ साली अटलांटा येथे ठरलेल्या व्याख्या २०१२ साली सुधारण्यात आल्या. त्यानुसार तीनपैकी दोन खुणा पुरतात: विशिष्ट वेदना, रक्तातील अमायलेज वा लायपेज कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सीटी स्कॅनसारख्या चित्रणातला पुरावा. बंधूंच्या बाबतीत पहिली खूण पहिल्याच रात्री पुरी होती. दुसरीसाठी रक्त काढले गेले नाही. ती परीक्षा तेव्हा पंचेचाळीस वर्षांची जुनी होती.